दस्तीखालचं बेट

ऊटीचा विषय पुन्हा काढायचा नाही, असं वळसंग्यांच्या घरात कधीचंच ठरलं होतं. म्हणून तो दर सणाला निघायचा.

लग्न झाल्यावर रविकिरण आणि अक्षरा ऊटीला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत सासू, सासरे, आत्याबाई, काका, काकू, काकांचे व्याही आणि जागा उरली म्हणून डाळमिलचा मुनीम, एवढी मंडळी होती. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत आणि गावाबाहेर डाळमिल असलेल्या या घराचा एक नियम होता: गाडी सुटली तर भरून सुटली पाहिजे. अर्धा ट्रक पाठवणं म्हणजे डिझेल जाळून धूर बघत बसणं. नवी गाडी दोनच माणसं घेऊन निघालीय, हे सासऱ्यांना, रेवणसिद्ध आप्पांना, बघवलं नाही. त्यांनी ती भरली. अक्षरानं ऊटीत जे काही बघितलं, ते आत्याबाईंच्या गुडघ्याला तेल चोळता चोळता खिडकीतून बघितलं.

त्याला आता सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत दोघांच्या आयुष्यातला प्रत्येक विषय सोमवारच्या बैठकीत चर्चेला आला होता. मूल कधी, यावरही बैठक झाली होती. तेव्हा त्या दोघांचं मत विचारायचं तेवढं राहून गेलं.

म्हणून एका रविवारी, दवाखान्यातला शेवटचा पेशंट दाढ धरून बाहेर पडल्यावर, डॉक्टर अक्षरानं नवऱ्याला समोरच्या खुर्चीत बसवलं. ती दातांच्या पेशंटची खुर्ची होती, त्यामुळे रविकिरणला आपोआप भीती वाटली.

"नांदेडच्या डेंटल कॉलेजात शिकवायची जागा आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत. माझ्या आईचं घर तिथून पायी जायच्या अंतरावर."

"मग?"

"मग काही नाही. क्रीट नावाचं एक बेट आहे, ग्रीसजवळ... म्हणजे ग्रीसचंच. मला तिथं दहा दिवस तुझ्यासोबत जायचंय. तू आणि मी. झालं तर झालं. नाही झालं तर मी नांदेडला जाईन. भांडून नाही जाणार, नोकरीला जाईन. शनिवारी येत जाईन पाहुण्यासारखी."

रविकिरणला बायको आरडाओरडा करते तेव्हा बरं वाटायचं, कारण ते संपायचं. ही आवाज न चढवता बोलत होती.

"जाऊ या," तो म्हणाला. "दोघंच जाऊ."

"तिकिटं निघाल्याशिवाय घरात बोलू नकोस."

"वेडी आहेस का? मी कशाला बोलू?"

तो सोमवारी बोलला.

आता त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. सोमवारी संध्याकाळी आप्पांची लिंगपूजा आटोपली, की सगळ्यांनी दिवाणखान्यातल्या गादीवर बसायचं, प्रसाद घ्यायचा आणि आठवड्याचं जे असेल ते सांगायचं. त्या बैठकीत न सांगता या घरातलं कुणी उदगीरलासुद्धा गेलेलं नव्हतं. आप्पांनी हातावर साखरेचे दाणे ठेवत विचारलं, "काय रे, नवीन काय?" आणि रविकिरणच्या तोंडून बेट बाहेर पडलं. राजवाडा, समुद्र, दहा दिवस, सगळं. वर त्यानं अक्षरानं छापून ठेवलेला कागदही आणून दिला.

आप्पांनी चष्मा चढवला. वाचता वाचता त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"पहिले दिवस राजवाडा, म्युझियम. ठीक. मग डोंगरातलं गाव, तिथं एक बाई पाव्हण्यांना घरात रांधून घालती. ठीक. मग जुनं बंदर. अन् शेवटचे चार दिवस कामून कोरे सोडलेत?"

"तेव्हा काही करायचं नाही, आप्पा," अक्षरा म्हणाली. "समुद्रावर बसायचं. जेवायचं. झोपायचं."

"ते तर मुनीम इथंच करतो की," आप्पा म्हणाले.

शिवप्रसाद काका उदगीरहून खास बैठकीला आले होते. आप्पांचे धाकटे भाऊ, एकदा नगरसेवक होते आणि एकदा चार दिवस दुबईला जाऊन आले होते. दोन्हींचा परिणाम अजून उतरला नव्हता.

"अण्णा, फॉरेनचं मला इचारा," ते म्हणाले. "तितं चार दिवस रिकामे ठिवले तर लोक हासतील. चार दिवसांत स्वित्झर्लंड होतंय, पॅरिस होतंय, रोम तर वाटंतच हाय. अन् दोघांनी कशाला जायचं? ग्रुपनं गेलं की समदं सवलतीत पडतंय. आमी दोघं, तुमी दोघं, अक्का, ही पोरं. व्याह्याला इचारलं तर तेबी न्हाई म्हणायचे न्हाईत."

"ऊटीला किती मजा आली हुती," काकू म्हणाल्या.

अक्षरा म्हणाली, "हो का?"

रविकिरणनं मान खाली घातली. सात वर्षांत तो एवढं शिकला होता, की 'हो का' नंतर घरात काहीतरी कायमचं मोडतं.

गौरम्मा आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. या आप्पांच्या थोरल्या बहीण, काकांच्या अक्का, मुक्काम देवणी. नवी कवळी बसवायला म्हणून भाचेसुनेकडे आल्या होत्या आणि कवळी कधीचीच बसली तरी त्या काही उठल्या नव्हत्या. त्यांनी कागदावरचं राजवाड्याचं चित्र डोळ्यांजवळ नेलं. जुन्या भिंतीवर एक ठिपक्या-ठिपक्यांचा बैल रंगवला होता आणि त्याच्या पाठीवरून एक माणूस कोलांटी मारत होता.

"ह्यो तर शेवरा बैल हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या देवणीचा. ठिपके बघ की. ह्यो तितं कसा ग्येला?"

"आत्या, तीन-चार हजार वर्षांपूर्वीचं चित्र आहे ते," रविकिरण म्हणाला.

"मग तवाच चोरून नेला आसंल. अन् ह्ये मेलं बसवण्णाच्या पाठीवर उड्या कामून मारायलंय? पोळ्याला आमी बैलाच्या पाया पडताव." त्यांनी कागद परत दिला. "मला येऊन बघावंच लागतंय."

"तिथं असंही सांगतात," रविकिरण बोलून गेला, "की राजवाड्याच्या तळघरात अर्धा बैल, अर्धा माणूस असा एक राक्षस होता. तो माणसं खायचा."

"बैल कडबा खातोय," आत्याबाई ठाम म्हणाल्या. "माणसं खाणारा अर्धा माणूसच आसंल."

आप्पांचं अजून कोऱ्या चार दिवसांवरच अडलं होतं. तिथं जैतूनची झाडं असतात, असं कळल्यावर त्यांनी त्यात एक दिवस तेलाचा घाणा टाकला. डोंगरातल्या गावात जवाची वाळवलेली भाकरी टोमॅटो घालून खातात, हे ऐकून ते खूश झाले. "म्हणजे कडक भाकरीच की. मग तर जेवणाची फिकीर न्हाई. आमची शेंगाची चटणी तेवढी सोबत घ्यायची."

महादेवी, म्हणजे रविकिरणची आई, सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती बैठकीत कधी बसत नसे. तिनं एकच प्रश्न विचारला.

"तिथल्या समुद्राचं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतंय का? का ते नुसतं सांगतेत?"

"नेतं," अक्षरा म्हणाली, आणि सरबत न घेता आत गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी व्हॉट्सॲपवर 'वळसंगे युरोप' नावाचा ग्रुप उघडला. अक्षराला त्यात घ्यायचं राहिलं. महादेवीनं गंजगोलाईत जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि ती रोज सकाळी साडीवर ते बूट घालून गच्चीवर फेऱ्या मारू लागली. बेटावर चालावं लागतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. खाली अंगणात अक्षराला तो टप-टप आवाज ऐकू यायचा आणि तिचे दात आवळले जायचे. या सगळ्यात आपली खरी वैरीण कोण, हे तिच्या मनात पक्कं झालं. काका बोलून मोकळे होतात, आत्याबाई विसरतात. पण जिनं बूट घेतले ती येणारच.

महादेवीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त नाडी नीट बांधता येत नव्हती.

पुढच्या बैठकीच्या दिवशी दुपारी ती बूट हातात घेऊन सुनेच्या खोलीत गेली. अक्षरा पलंगावर बसून तिच्या डिग्र्यांचे कागद फायलीत लावत होती.

"ह्ये जरा बांधून दे गं. चाललं की सुटतंय."

अक्षरा खाली बसली. तिनं नाडी ओवली, गाठ मारली, वर आणखी एक मारली आणि मग वर न बघताच बोलली.

"आई, मी बहुतेक पुढच्या महिन्यात नांदेडला राहायला जाईन. तिथं नोकरी आहे."

"अन् रवी?"

"तो इथं. मिल आहे ना."

महादेवी पलंगाच्या कडेवर टेकली.

"बेटामुळं?"

"बेटामुळं नाही, आई. मला या घरात नवरा सापडत नाही. दिवसभर माणसं असतात, त्यात तोही असतो. मी त्याला म्हणलं, दहा दिवस दे. तो देतो म्हणाला आणि तुम्हा सगळ्यांना वाटून आला." बोलता बोलता अक्षराचा आवाज फाटला. "मला तुमचा राग येतो, हे खरंय. तुम्ही बूट घेतल्यापासून जास्त येतो. आता बोललेच आहे तर सांगून टाकते."

महादेवीला वाईट वाटलं. राग मात्र आला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. लग्नानंतर ती श्रीशैलला गेली होती तेव्हा टेम्पोत तिच्या मांडीवर नणंदेचं पोर होतं, पायाशी तेलाचा डबा होता आणि नवरा पुढं ड्रायव्हरजवळ बसला होता. पुढच्या प्रत्येक सहलीला तो पुढंच बसला. तिनंही कधी म्हटलं नाही, की माघारी माझ्याजवळ येऊन बसा.

"बांधलीस ना नाडी?" ती उठली. "घट बसली. सुटायची न्हाई."

आणि खोलीतून निघून गेली. ही बाई ऐकूनही न ऐकल्यासारखं करते, असं वाटून अक्षरानं फाईल खाडकन बंद केली.

संध्याकाळी पूजा झाली, प्रसाद झाला. काकांनी मोबाईलवर मोजून सांगितलं, की माणसं नऊ झालीत. व्याही तयार आहेत. रोम धरलंय. बेटाला दीड दिवस ठेवलाय, कारण बेटावर तसं बघण्यासारखं काही नाही, सगळीकडून पाणीच आहे.

"आप्पा, आम्ही दोघांनीच जायचं म्हणत होतो," रविकिरण म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की काकूंना वाटलं तो पाणी मागतोय. त्यांनी तांब्या पुढं केला.

रेवणसिद्ध आप्पांनी खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढली. शिवप्रसादांनी मोबाईल खिशात घातला.

पूर्वी मोंढ्यात मालाचा भाव तोंडानं बोलत नसत. आडत्या आणि खरेदीदार दस्तीखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव करत. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. बाजारात ती पद्धत बंद होऊन जमाना लोटला, आता लिलाव चारचौघांत मोठ्यानं होतो. लोकशाही मोंढ्यापर्यंत आली होती, वळसंग्यांच्या गादीपर्यंत यायची होती. घरातल्या मोठ्या गोष्टी आप्पा अजून तशाच मिटवायचे. ते हात पुढं करायचे, शिवप्रसाद हात घालायचे आणि दस्ती बाजूला झाली की सौदा पक्का. दस्तीखाली दिलेला शब्द आप्पांनी जन्मात फिरवला नव्हता. भाव कोसळून तोंडचं पाणी पळालं तेव्हाही नाही.

आप्पांनी हात पुढं केला आणि त्यावर दस्ती टाकली. शिवप्रसाद बाह्या सावरत पुढं सरकले. तेवढ्यात महादेवी गादीवर येऊन बसली आणि तिनं दस्तीखाली हात घातला.

आप्पांना आधी वाटलं, काहीतरी घ्यायला आली असेल. मग त्यांच्या दोन बोटांना पकड बसली. अंगठ्यानं अशी नेमकी दाबून धरलेली, की तिचे वडील आठवले. उदगीरचा तो आडत्या पोरीला गादीवर शेजारी घेऊन बसायचा, हे आप्पा विसरूनच गेले होते.

दोन.

"अण्णा, ह्ये काय?" शिवप्रसाद म्हणाले. "वहिनी, ह्यो बायकांचा सौदा न्हाई."

हात खाली गेला होता. आता बोलायचं ते बोटांनीच. आप्पांनी तिचा सगळा पंजा धरला आणि वर दोन बोटं. सात. व्याही कमी केले, एवढं पुष्कळ झालं.

तिनं दोन दाबली.

त्यांनी शिवप्रसाद, त्याची बायको आणि अक्का, तिघांनाही गाडीतून उतरवलं. चार. म्हणजे पोरगा, सून, तू आणि मी. याच्या खाली कुठला शहाणा व्यापारी येत नाही.

तिनं दोन दाबली. या खेपेला नख लागलं.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. ती समोर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती, सराईत खरेदीदार बघतो तशी. चेहऱ्यावर काही नव्हतं. रोज सकाळी डोक्यावर वाजणारे ते बूट मात्र आप्पांना आठवले. बेचाळीस वर्षांत हिनं आपल्याकडं कुठं न्या म्हणून मागितलं नव्हतं. त्या दिवशी दारात उभी राहून तिनं वाळूचं विचारलं, तेही सुनेला. आप्पांना एकाएकी फार लाज वाटली. ती कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून त्यांनी व्यापार केला. तीन बोटं धरली आणि हळूच दाबली.

मी राहतो. तू जा.

तिची बोटं थांबली. दस्ती हलेनाशी झाली. अक्षराला बाहेरून एवढंच दिसलं, की सासूबाईंची नजर घड्याळावरून दस्तीवर आली.

मग तिनं दोन दाबली.

आप्पांनी दस्ती उचलून खांद्यावर टाकली. "रविकिरण अन् अक्षरा जातेत. दोघंच. रोम-बिम काय न्हाई."

मग शिवप्रसाद काका उसळले. "अण्णा, मी व्याह्याला शब्द दिलाय. मी काय तोंड दाखवू?"

"हाय तेच दाखव. हात खाली गेला, शिवप्रसाद. सौदा झाला."

"आन् माझा बैल?" आत्याबाई म्हणाल्या.

"अक्षरा फोटू पाठवील. सगळ्या बाजूंनी."

अक्षराला विश्वास बसेना. आप्पांना दया आली, असं तिला वाटलं. ती सासूबाईंकडं बघायला गेली, तर महादेवी ट्रे उचलून आत निघालीसुद्धा होती.

आप्पांनी कागद पुन्हा हातात घेतला. ते कोरे चार दिवस तसेच होते. त्यांना ते सहन होईना. एवढा मोठा घाटा एका संध्याकाळी पचवायचा म्हणजे काही सोपं नव्हतं.

"माणसं दोनच का आसंनात," ते म्हणाले, "इमानात वजन तर पुरं नेऊ देतेत न्हवं? मग बॅगा भरून न्या. शेंगाची चटणी, कडक भाकरी. अन् आपल्या डाळीचं सॅम्पल. त्या रांधणाऱ्या बाईला म्हणावं, आधी शिजवून बघ, मग बोल."

"नेते, आप्पा," अक्षरा म्हणाली. तिला हसू आलं आणि रडूही आलं. "दोन किलो नेते."

"पाच ने."

सकाळी आप्पा गच्चीवर गेले. सहसा ते गच्चीवर जात नसत. गच्ची म्हणजे पापड, कुरड्या आणि बायका. महादेवी बूट घालून फेऱ्या मारत होती. नाडी कालच्या गाठीत घट्ट होती.

"आता कामून चालायलीस?" त्यांनी विचारलं. "जायचं तर ऱ्हायलं."

"पायाला सवय लागली." ती थांबली नाही. "बूट वाया घालवायचे का?"

आप्पा कठड्याजवळ उभे राहिले. तिची एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला ती समोर आली तेव्हा त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली, आजूबाजूच्या गच्च्यांवर कुणी नाही ना ते बघितलं आणि हात पुढं केला.

महादेवी थांबली. तिनं पदराला हात पुसला आणि दस्तीखाली घातला.

त्यांनी तिची दोन बोटं धरली.

"कुठं?" तिनं विचारलं. सौद्यात बोलायचं नसतं, तरी विचारलं.

"समुद्र आसंल तितं. रत्नागिरी म्हण, गोवा म्हण. मी माघारच्या शिटावर बसंन."

तिनं त्यांची दोन बोटं दाबली, नख न लावता.

"ठरलं," ती म्हणाली. "पण सोमवारी बैठकीत काढू नका."